बॅग नव्हती

दीपक चौथी पास झाला तेव्हा त्याच्या वाडीत पुढची शाळा नव्हती. वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. बाप मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होता आणि आई चंद्राबाई एकटीच नाचणीची शेती बघायची. तिने पोराचा हात धरला, डोंगर उतरली, एसटीने महाडला आली आणि तिथून नाते गावात आपल्या धाकट्या भावाच्या दारात येऊन उभी राहिली.

"हैबती, ह्याला तुझ्याकडं ठेव," ती बोलली. "शिकला तर शिकला. नाय शिकला तर तुझी गुरं राखील."

हैबती उतेकरने पोराला ठेवून घेतलं. त्याच्या बायकोने, रंगूबाईने, त्याच दिवशी त्याच्यासाठी वेगळी वाकळ काढली. पुढे त्यांना मुलगी झाली, प्रियदर्शिनी, पण घरात थोरला म्हणून दीपकच राहिला. हैबती वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचा. सकाळी दीपकला महाडच्या हायस्कूलात सोडायचा आणि मग स्टेशनच्या रांगेत लागायचा. बारावीनंतर पोराने पोलीस भरतीचं मनावर घेतलं, तेव्हा रायगडच्या रस्त्यावर पहाटे दीपक पुढे धावायचा आणि हैबती मागून रिक्षाचा दिवा त्याच्या पायांपुढे टाकत यायचा.

दीपक भरती झाला. खात्याची परीक्षा देऊन उपनिरीक्षक झाला. मुंबईत दहशतवादी कारवायांचा तपास करणाऱ्या एका पथकात त्याची नेमणूक झाली तेव्हा हैबतीने रिक्षा स्टँडवर सगळ्यांना वडापाव खिलवला. नक्की काम काय हे त्याला सांगता यायचं नाही. "बॉम्ब फुटायच्या आधी पकडायचं काम हाय," एवढंच तो बोलायचा, आणि बोलताना त्याची मान जराशी ताठ व्हायची.

ज्या दिवसामुळे पुढचं सगळं घडलं, तो दिवस शिमग्याच्या आधीचा. सकाळच्या गाडीने वीरला थोडीच माणसं उतरली. त्यातला एक तरुण हैबतीच्या रिक्षाजवळ आला आणि हिंदीत बोलला, एमआयडीसीत जायचंय. लांबचं भाडं होतं. हैबती खूश झाला. दासगावच्या पुढे वळणं आली तसं त्या तरुणाला मळमळायला लागलं. त्याने दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरली. हैबतीने आरशात त्याचा पांढरा पडलेला चेहरा बघितला आणि रिक्षा कडेला घेतली. तो उतरून ओकला. हैबतीने आपली पाण्याची बाटली त्याला दिली, थोडा वेळ पाठीवरून हात फिरवला. तो बोलला, रात्रभर दरवाज्यापाशी उभा होतो, काही खाल्लेलं नाही. महाडात हैबतीने त्याला एका टपरीवर लिंबू सरबत पाजलं. एमआयडीसीच्या नाक्यावर तो उतरला, शर्ट झटकला आणि हात हलवत चालत गेला.

आठवडाभराने एमआयडीसीलगतच्या एका चाळीतल्या खोलीवर मुंबईच्या पथकाने धाड घातली. तिघांना पकडलं. कारखान्यातून चोरलेली रसायनं आणि स्फोटकं बनवायचं सामान सापडलं, असं बातम्यांत आलं. महाडात एकच खळबळ उडाली. तहसीलमध्ये बैठका झाल्या. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यावी, ठेकेदारांनी कामगारांची कागदपत्रं तपासावीत, रिक्षावाल्यांनी अनोळखी माणसांवर लक्ष ठेवावं, असे नियम निघाले. टीव्हीवर त्या तिघांचे फोटो दाखवले, तेव्हा हैबती जेवत होता. त्याचा हात ताटातच थांबला.

"हा माझ्या रिक्षात बसलेला," तो रंगूबाईला बोलला. "ओकला होता बघ, सांगितलं नव्हतं का मी?"

प्रियदर्शिनी तेव्हा त्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नुकतीच लागली होती. तिच्या कंपनीपासून ती चाळ हाकेच्या अंतरावर होती. रंगूबाईने मुलीकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दीपकला फोन करा."

हैबतीने फोन केला. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं.

दोन दिवसांनी दीपक साध्या कपड्यांत घरी आला. लॅपटॉप उघडून पडवीत बसला. हैबतीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. वळण, ओकारी, सरबत, काही राखून ठेवलं नाही.

"सामान काय होतं त्याच्याजवळ?" दीपकने विचारलं.

"काय नव्हतं."

"बॅग असेल ना मामा. लांबून आलेला माणूस."

"नाय रे. हात रिकामे होते. दोन्ही हातांनी दांडी धरून बसलेला."

"सीटच्या मागे टाकली असेल."

"मागं माझी स्टेपनी नि गवताचा भारा. तिथं काय बसणार?"

दीपक थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने बोटं चालवली. असल्या जबाबावर सही लागत नाय, असं तो बोलला. रंगूबाईने घावणे आणून ठेवले, ते त्याने खाल्ले. निघताना तो मामाला समजावत बोलला, "घाबरू नका. दहशतवादाच्या कायद्यात साक्षीदाराचं नाव झाकता येतं. कोर्टात पडद्याआड बसवतात. तुमचं नाव बाहेर येणार नाय, ही माझी जबाबदारी."

"मला कसली भीती? तू हायस ना," हैबती बोलला.

खटला उभा राहायला वर्षं गेली. मधे ह्या तपासासाठी पथकाचा सत्कार झाला, दीपकला प्रशस्तिपत्र मिळालं, आणि त्याचं लग्न झालं. बायको अक्षदा पनवेलची, शाळेत शिकवणारी. महाडात दीपकचा नागरी सत्कार झाला, तेव्हा तो स्टेजवरून उतरून खाली आला आणि सगळ्यांसमोर मामा-मामीच्या पाया पडला. हैबतीने डोळे पुसले. आपल्या बोलण्यानेही ह्यात थोडा हातभार लागला आहे, हे त्या मंडपात फक्त घरच्यांनाच ठाऊक होतं, आणि त्या गुपिताचं त्याला मोठं सुख वाटलं.

मग एक दिवस समन्स आलं. दीपक स्वतः येऊन त्याला मुंबईला घेऊन गेला. पोलीस लाइनीतल्या दीपकच्या खोलीवर मुक्काम होता. संध्याकाळी अक्षदाने चहा दिला आणि ती भाजी आणायला खाली गेली. दीपकने एक कागद काढला.

"मामा, उद्या काय बोलायचं ते एकदा ऐकून घ्या. तुमचाच जबाब हाय."

तो वाचू लागला. हैबती मान डोलावत ऐकत होता. वीर स्टेशन, सकाळची गाडी, दासगावचं वळण, सगळं बरोबर होतं. मग दीपक वाचत गेला: "सदर इसमाजवळ काळ्या रंगाची जड बॅग होती. ती त्याने स्वतःच्या मांडीवर धरली होती. मी ती मागे ठेवण्यास सांगितले असता त्याने नकार दिला व घाबरून बॅग छातीशी धरली."

"थांब," हैबती बोलला. "हे कोणाचं?"

"तुमचंच."

"मी असं बोललो नव्हतो."

"पाच वर्षं झाली मामा. तुमच्या ध्यानात नाय."

दीपक हे इतक्या सहज बोलला की हैबतीला क्षणभर स्वतःचीच शंका आली. त्याने डोळे मिटले. दांडी धरलेले दोन हात त्याला दिसले. नखं वाढलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. मांडीवर काही नव्हतं. तो ओकायला उतरला तेव्हाही हातात काही नव्हतं.

"माझ्या ध्यानात हाय," तो बोलला. "मी तुला बोललो व्हतो, हात रिकामे. तू तीनदा इचारलंस."

दीपकने कागद घडी करून ठेवला. खुर्ची जवळ ओढली. आता तो अधिकारी नव्हता. बारावीचा निकाल बिघडल्यावर मामाला समजावणारा पोरगा होता, तसाच हळू आवाज.

"मामा, ऐका. तो माणूस त्यातला हाय हे आमाला माहीत हाय. फोनवरचं बोलणं हाय, पण ते कोर्टात टिकत नाय. पहिल्या दोघांविरुद्ध पुरावा भक्कम हाय. हा तिसरा सुटणार. त्या खोलीत काळी बॅग मिळाली, तिच्यात डेटोनेटर होते. ती आणली कोणी, एवढंच सांगणारा माणूस पायजे."

"मग तो शोध. मी कसा तो माणूस?"

"स्फोट झाल्यावर पकडणं सोपं असतं. माणसं मेलेली असतात, सगळे साक्ष द्यायला तयार असतात. आम्ही आधी पकडतो ना, तेव्हा कोणाचं काय गेलेलं नसतं, म्हणून पुरावाही अर्धाच असतो. सरकार बोलतं आधीच रोखा, कोर्ट बोलतं पुरावा आणा. मधे आम्ही. प्रियू त्या चाळीच्या शेजारी रोज कामाला जात होती मामा. ते सामान तिथं फुटलं असतं तर?"

मुलीचं नाव काढल्यावर हैबती उठून खिडकीपाशी गेला. तो तिसरा माणूस निर्दोष आहे असं त्यालाही वाटत नव्हतं. त्याला काहीच माहीत नव्हतं. पण आपल्या पडवीत, आपल्या घरचे घावणे खाऊन पोराने हे लिहिलं, आणि पाच वर्षं एका शब्दाने कळू दिलं नाही. सत्काराच्या दिवशी पाया पडताना त्याला हे ठाऊक होतं.

"माझ्या तोंडात तू बॅग घातलीस, दीपक," तो शेवटी बोलला. "मला न इचारता."

"मी तुमच्यावर भरवसा ठेवला."

"भरवसा मी ठेवला व्हता."

तेवढ्यात अक्षदा भाजी घेऊन वर आली आणि दीपकने खुर्ची मागे ओढली. जेवताना तिने विचारलं, मामांना बरं नाही का. दीपक बोलला, कोर्टाची भीती वाटते त्यांना.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पडदा नव्हता. हैबतीने दाराशीच दीपकला विचारलं. "अर्ज करायचा राहून गेला," तो नजर न देता बोलला. "तुमच्या साक्षीला गरज नाय असं वरच्यांचं मत पडलं." आत माणसं होती, वकील होते, मागच्या बाकावर दोन पत्रकार वही घेऊन बसले होते. पुकारा करणाऱ्याने हैबतीचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका सगळं मोठ्याने वाचलं.

सरकारी वकील एक मध्यमवयीन बाई होत्या, शांतपणे विचारणाऱ्या. हैबतीने आरोपीला ओळखलं. तो आता जाड झाला होता, दाढी राखलेली. नाव शमीम, हे हैबतीला तिथेच कळलं. तो हैबतीकडे बघत होता, आणि त्याला रिक्षावाला आठवत असावा, असं त्याच्या डोळ्यांवरून वाटलं.

"त्याच्याजवळ काय सामान होतं?" बाईंनी विचारलं.

"काय नव्हतं," हैबती बोलला.

बाई थांबल्या. त्यांनी कागद बघितला. "नीट आठवून सांगा. बॅग वगैरे?"

"बॅग नव्हती बाई. हात रिकामे व्हते."

बाई न्यायाधीशांकडे वळल्या. त्या खालच्या आवाजात बोलल्या तरी हैबतीला ऐकू गेलं: साक्षीदार फितूर झाला आहे, उलटतपासणीची परवानगी मिळावी.

तो शब्द हैबतीच्या कानात शिरला आणि त्याचे हात कठड्यावर घट्ट झाले. रायगडाच्या पायथ्याच्या मुलखातला माणूस तो. त्याच्या गावात हा शब्द भांडणातसुद्धा कोणी कोणाला लावत नाही. चोर म्हणतील, दारुडा म्हणतील, पण फितूर म्हणत नाहीत.

"साहेब," तो न्यायाधीशांना बोलला, "मी फितूर नाय. तो शब्द काढा."

न्यायाधीश वयस्क होते. ते कठोर नव्हते. "कायद्यातला शब्द आहे तो," ते म्हणाले. "तुम्ही पोलिसांना सांगितलं त्यापेक्षा वेगळं बोलताय, एवढाच त्याचा अर्थ."

"मी वेगळं बोलत नाय. तेव्हा पण हेच बोललेलो."

मग वकीलबाईंनी जबाबातला तो भाग वाचला. हे तुम्ही सांगितलं होतं ना? नाय. मग पोलीस अधिकाऱ्याने मनाने लिहिलं असं म्हणायचंय का? हैबतीने दाराकडे बघितलं. दीपक तिथे उभा होता. त्याने मान अगदी थोडी, कोणाला दिसणार नाही इतकी हलवली. नको, असं. लहानपणी गणिताचे मार्क मामीला सांगू नका म्हणून तो अशीच मान हलवायचा.

"होय," हैबती बोलला. "त्यांनी मनाने लिहिलं."

"तुमचं त्या अधिकाऱ्याशी काही वैर आहे?" बाईंनी विचारलं. त्यांना वाटलं असावं, नाही म्हणेल, आणि मग अधिकारी खोटं का लिहील हा प्रश्न तसाच उभा राहील.

"वैर कसलं?" हैबती बोलला. "माझ्या बहिणीचा पोरगा हाय. माझ्याच घरात वाढलाय."

आरोपीचा वकील खुर्चीतून अर्धा उठला. सरकारी वकीलबाईंनी वळून दाराकडे बघितलं; त्यांना हे माहीत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं. दीपकने आपला साक्षीदार आपला सख्खा मामा आहे, हे कागदावर कुठेच आणलं नव्हतं. हैबतीला त्याची कल्पना नव्हती. आपण काहीतरी मोडलं एवढंच त्याला कळलं.

दीपक त्याला सोडायला आला नाही. हैबती एकटाच गाडीने वीरला परतला.

तो घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. 'महाडचा साक्षीदार फितूर', खाली नाव, गाव, व्यवसाय. एका वाहिनीने वीर स्टेशनचा रिक्षा स्टँडसुद्धा दाखवला. ज्या नावाची जबाबदारी दीपकने घेतली होती ते नाव दोन दिवस टीव्हीवर फिरत राहिलं. स्टँडवर रावजी नावाचा त्याचा जुना सोबती होता, तो तेवढा बोलला, "तुला जे दिसलं ते तू सांगितलंस." हैबतीचा नंबर आला की बाकीचे प्रवाशांना मागच्या रिक्षात बसवायचे. नाक्यावर कोणीतरी बोललं, विकला गेला म्हणे. प्रियदर्शिनीला कंपनीत बोलावून विचारलं गेलं की तुझ्या वडिलांचं हे काय प्रकरण आहे. ती घरी येऊन पडून राहिली.

रंगूबाईचा राग वेगळाच होता. "तुमाला एवढं बोलायची काय गरज व्हती?" ती म्हणाली. "बॅग नव्हती एवढं सांगितलंत, झालं. माझ्याच घरात वाढलाय, हे कशाला?"

"त्यांनी वैर हाय का इचारलं."

"मग नाय बोलायचं नि गप बसायचं."

चंद्राबाई वाडीवरून उतरून आली. पडवीत टेकलीही नाही. "तूच त्याला धावायला शिकवलंस," ती भावाला बोलली, "नि तूच त्याचे पाय मोडलेस." हैबतीने तिला सांगायचा प्रयत्न केला की दीपकने काय केलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे त्या परक्या पोराचं खरं, नि आपल्या पोराचं खोटं?" हैबतीच्या परीने तो प्रश्नच नव्हता, पण बहिणीपुढे दुसरा प्रश्न नव्हता.

निकाल लागला. पहिल्या दोघांना शिक्षा झाली. शमीम सुटला. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की तपास अधिकाऱ्याने साक्षीदाराशी असलेलं नातं लपवलं आणि जबाबात भर घातली, याची खात्याने चौकशी करावी. दीपक निलंबित झाला.

थोड्या दिवसांनी शमीमचा थोरला भाऊ वीर स्टेशनवर हैबतीला शोधत आला. त्याने हात जोडले. हैबती रिक्षातून उतरला नाही.

"माझे आभार मानू नको," तो तोडक्यामोडक्या हिंदीत बोलला. "तुझा भाऊ चांगला का वाईट, मला माहीत नाय. त्याने काय केलं असंल तर वरचा बघून घेईल. मला बॅग दिसली नाय, म्हणून बोललो. तू आता जा, लोक बघतात."

तो माणूस गेला. पण लोकांनी बघितलं होतंच.

दीपक आला तो पावसाळा संपता संपता. दुपारची वेळ होती, हैबती गोठ्यात होता. रंगूबाईने धावत येऊन सांगितलं, दीपक आलाय. ती महिनाभरात पहिल्यांदा नवऱ्याशी नीट बोलली. हैबतीने हात धुतले. पोरगा माफी मागेल, असं त्याला वाटलं. मागितली तर काय बोलायचं हे त्याने कितीदा तरी मनात घोळवलं होतं: झालं ते झालं, बस, जेव.

दीपक वाळला होता. तो पाया पडला. रंगूबाईने चहा आणला आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"मामा, पुढच्या आठवड्यात माझी खातेनिहाय चौकशी हाय," दीपक म्हणाला. "तुमाला बोलावतील."

"हां."

"एवढंच बोला, की बॅगेचं बोललो असेन, आता आठवत नाय. खोटं बोलू नका. होय बोलू नका, नाय बोलू नका. आठवत नाय, बस्. माझी नोकरी वाचेल."

"मला आठवतंय, दीपक."

"माहीत हाय मला. तरी."

"हे तू असं का लिहिलंस? मला तेवढं सांग."

दीपकने कप खाली ठेवला. "पथकातले साहेब मागे लागलेले. वरून दबाव होता, तिघांचा गुन्हा एकत्र दाखवायचा. माझ्या डोक्यात नव्हतं ते. साहेब बोलले, रिक्षावाला तुझा मामा ना? मग अडचण काय? नातं लिहू नको, बाकीचं लिही." तो थांबला. "आता साहेबांची बदली झाली, बढतीवर. मी एकटा सापडलो. मला पण फसवलंच त्यांनी."

"दुसरा कोण रिक्षावाला असता तर लिहिलं असतंस?"

दीपक खोटं बोलू शकला असता. पण त्या घरात त्याला ते जमलं नाही, की तो थकला होता, कोण जाणे.

"नसतं," तो म्हणाला. "परका माणूस कोर्टात काय बोलेल याचा भरवसा नसतो."

रंगूबाई खांबापासून बाजूला झाली. इतके महिने ती भाच्याच्या बाजूने होती. ती पुढे आली आणि दीपकसमोरची बशी तिने उचलली. त्यात खोबऱ्याची वडी होती, त्याने अजून हात लावलेला नव्हता.

"चहा पी आनि जा," ती म्हणाली. "पावणेचारची एसटी मिळंल."

दीपकने मामीकडे बघितलं. मग तो उठला, चपला घातल्या आणि गेला. चहा तसाच राहिला. हैबती त्याला अडवायला उठला होता, पण पायरीपर्यंत जाऊन थांबला.

चौकशीत हैबतीने कोर्टात सांगितलं तेच सांगितलं. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला पुन्हा पुन्हा विचारलं की वरिष्ठांविषयी दीपक काही बोलला होता का. हैबतीने तेही सांगितलं. ते लिहून घेतलं गेलं की नाही हे त्याला कळलं नाही. वाचून दाखवा, असं तो म्हणाला, तेव्हा त्याला वाचून दाखवलेल्या पानांत साहेबांचं नाव नव्हतं. त्याने सही करायला नकार दिला. साहेबांविषयीचं वाक्य पेनाने समासात लिहिल्यावरच त्याने सही केली. पुढे त्या वाक्याचं काही झालं नाही. दीपकची नोकरी राहिली, पण त्याला एक पायरी खाली उतरवून दूरच्या जिल्ह्यात पाठवलं. साहेबांची चौकशी झाल्याचं कोणी ऐकलं नाही.

दिवाळीत भाऊबीजेला चंद्राबाई आली नाही. आजवर कधी चुकली नव्हती. हैबती सकाळी पोलादपूरला गेला, तिथून वाडीची चढण चढला. अंगणात नाचणीची कणसं वाळत घातली होती. चंद्राबाईने त्याला पायवाटेवरूनच येताना बघितलं, हातातलं सूप ठेवलं आणि ती आत गेली. दार लोटलं गेलं.

थोड्या वेळाने अक्षदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सुट्टीत ती सासूकडे आली होती. "आई पडल्यात जरा," ती म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं, तसं नव्हतं. हैबती ओट्याच्या कडेला बसला आणि पाणी प्यायला.

अक्षदा जवळच उभी राहिली. "मामा, एक विचारू? बॅग खरंच नव्हती?"

"नव्हती गो."

"दीपक मला सांगत होते, मामांचं वय झालंय, विसरतात हल्ली." ती तांब्याकडे बघत होती. "मी सगळ्यांना तेच सांगत आले. माझ्या आईला, शाळेत. तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून."

हैबतीने तांब्या तिच्या हातात दिला. बहिणीसाठी आणलेलं लुगडं त्याने पिशवीतून काढून ओट्यावर ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला, आणि तो उतरणीला लागला.